आईचं माहेरचं नाव

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५
क्लॅरियन नदीकाठ, पेनसिल्व्हेनिया

ताई,

आधी अनयावर रागावू नकोस. तुमच्या अर्विंगच्या नव्या घराचा पत्ता तिने दिला खरा, पण मी चारदा मागितल्यावर, आणि प्रत्येक वेळी "मॉम विल किल मी" असं लिहून.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझा प्रत्येक मेसेज एकाच करड्या खुणेवर अडकतो, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. तरी नैना झाली तेव्हा तिचा फोटो पाठवला होता. कागद काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. न वाचता फेकलंस तरी एकदा तुझ्या हातात येईल.

जंगलातल्या एका केबिनच्या पोर्चवर बसलेय. स्टेट कॉलेजपासून दोन तासांवर. समोर नदी, पाणी घोट्याएवढं. बरोबर तीन मैत्रिणी आहेत, तिघी माझ्या चर्चमधल्या. तू ज्यांना 'ते मॉर्मन लोक' म्हणतेस त्यातल्या. म्हणजे मीही त्यातलीच. तुला लिहिताना हे वाक्य अजून सरळ येत नाही.

केल्सी सगळ्यात लहान, तेहेतीस वर्षांची, यूटात वाढलेली, चार मुलांची आई. हा वीकेंड तिनेच ठरवला. कोणी काय आणायचं याची यादी प्लास्टिकच्या कव्हरात घालून तिने फ्रिजवर लावलीय, आणि चौघींना एकसारखे स्वेटशर्ट आणलेत, भोपळ्याच्या रंगाचे. मी घातलाय. तू बघितलंस तर हसशील. दुसरी मेले. तिचे आईवडील टोंगा बेटांवरून आलेले. नर्स आहे, बोलते कमी आणि स्वयंपाक करते वीस माणसांचा. तिचं नाव ऐकून मी पहिल्यांदा दचकले होते. त्यांच्या भाषेत ते मेरी.

आणि मार्जोरी. तिला तू ओळखतेस. आईच्या दहाव्याला जिच्याकडून फुलं आली आणि तू ती गॅरेजमध्ये नेऊन ठेवलीस, तीच. शहात्तर वर्षांची आहे. इथे सगळे तिला नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात काकूच म्हणते.

तू विचारशील म्हणून लिहिते: चर्चच्या नियमाप्रमाणे चहा अजून बंदच आहे. मला आठवतं, मी धर्म बदलला यापेक्षा चहा सोडला याचाच तुला जास्त धक्का बसला होता. दिवाळी करतो. आकाशकंदील परीक्षित लावतो. तो चर्चमध्ये येत नाही, मला सोडतो आणि पार्किंगमध्ये बसून मॅच बघतो. त्याला कोणी काही म्हणत नाही. उलट एकदा कोणीतरी त्याला गाडीत नेऊन गरम सूप दिलं. इथेही शंकरपाळे आणलेत मी. केल्सीने अर्धा डबा संपवला आणि यात अंडं नाही तर मग हे असं खुसखुशीत कसं, म्हणून मला दोनदा विचारलं.

मार्जोरीबद्दल एक गोष्ट तुला कधी नीट सांगितलीच नाही. सांगितली ती अर्धी, आणि जी अर्धी लपवली तिच्यामुळेच बरंचसं बिघडलं.

२०१५ चा फेब्रुवारी. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तुला मी ते तीन आठवड्यांनी कळवलं. तोवर फोनवर फ्लू झालाय म्हणत राहिले. परीक्षित मुलाखतीसाठी इलिनॉयला गेला होता आणि बर्फामुळे दोन दिवस विमानतळावर अडकला. हॉस्पिटलमधून मी एकटी घरी आले. मार्जोरी तेव्हा आम्हा बायकांना लायब्ररीत इंग्रजी बोलायला शिकवायची, तेवढीच ओळख. तिने फोन केला की मी वर्गाला का आले नाही. मी सांगितलं. पाऊण तासाने ती दारात होती, बर्फातून चालत आलेली, हातात बटाट्याचं एक गरम पातेलं. दोन दिवस ती माझ्या खुर्चीत बसून राहिली. बाळासाठी आणलेले कपडे तिने धुतले, घड्या घातल्या आणि ते कुठे ठेवू म्हणून विचारलं. धर्माचं अक्षर काढलं नाही. पुढे दोन वर्षांनी मीच विचारलं, तुमच्याकडे रविवारी काय असतं.

पण ताई, मी लोकांना काय सांगत राहिले माहितेय? की त्या वेळी माझी बहीण आली नाही, ही आली. तुला कळवलंच नव्हतं हे मी सांगत नसे. तू कशी येणार होतीस? तू तर त्या आठवड्यात आईच्या विमानाचं तिकीट काढत होतीस, डोहाळजेवणासाठी. तू इतकी खुशीत बोलायचीस की मला सांगवेना. तुझा रडण्याचा आवाज मला ऐकायचा नव्हता. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, तेही कागदावर.

उद्या आम्ही पानांचे रंग बघायला जाणार आहोत. बाकी विशेष काही नाही.

तुझी,
नंदू


शनिवार, १८ ऑक्टोबर, दुपारी चार

ताई,

काल शेवटी मी तुला खोटं लिहिलं. ते पान फाडणार नाही, तसंच पाठवीन.

आज आम्ही पानं बघायला गेलो नव्हतो. पिट्सबर्गजवळ आमचं नवं टेम्पल झालंय, तिथे गेलो होतो. वीकेंड त्यासाठीच होता. आणि कारण होती आई.

आईच्या दहाव्याला, पाहुणे बाहेर जेवत असताना, तू मला स्वयंपाकघरात गाठलंस. तुझ्या हातात ती फुलांबरोबर आलेली चिठ्ठी होती. तू म्हणालीस, "तुमच्यात मेलेल्या माणसांचाही बाप्तिस्मा करतात, असं मी वाचलं. आईचा करणार आहेस का?"

तू उत्तराची थोडा वेळ वाट बघितलीस, चिठ्ठी माझ्यासमोर ठेवलीस आणि बाहेर जाऊन लोकांना वाढायला लागलीस. त्यानंतर आपण बोललेलो नाही. मी बोलायचा प्रयत्न केला हे खरं, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. आज देते.

तू वाचलंस ते बरोबर आहे. आमच्या टेम्पलमध्ये पाण्याचा मोठा हौद असतो. गेलेल्या बाईचं नाव घेऊन जिवंत बाई त्या पाण्यात जाते. आमची समजूत अशी की त्यामुळे गेलेल्या माणसापुढे एक दार उघडतं. आत यायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. मी हे मनापासून मानते, ताई. मला कोणी फसवलेलं नाही. मरणानंतर आई, मी, माझं ते बाळ, सगळ्यांची पुन्हा गाठ पडेल या एका गोष्टीवर मी आठ वर्षं उभी आहे.

ऑगस्टमध्ये आईच्या तिथीला मी चर्चमध्ये रडले. केल्सीने शेजारी बसून विचारलं, आईचं टेम्पलमधलं काम झालंय का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मी सगळं करते, तू फक्त नाव, तारीख, गाव दे. नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते, मुलगी म्हणून माझी पुरते. मी दिली. केल्सीने चार मुलं सांभाळून फॉर्म भरले, टेम्पलची वेळ घेतली, केबिन शोधली. गेल्या आठवड्यात तिने माझ्या हातात एक छापील कार्ड ठेवलं. त्यावर आईचं नाव. आमच्याकडे बाईचं माहेरचं नाव घेतात, म्हणून कुमुदिनी नाही. वत्सला त्र्यंबक पिंपळखुटे. जन्म १९४४, आर्वी.

सकाळी साडेनऊला आम्ही चौघी तिथे पोचलो. पांढरे कपडे घातले. मेलेने माझी वेणी घालून दिली, कारण ओले केस नंतर गुंततात. ती गुणगुणत होती. तिने माझे हात आपल्या हातात धरून ठेवले. केल्सी तिच्या कुठल्याशा पणजीच्या नावाने आधी पाण्यात उतरली, वर आली ती हसतच. मग माझा नंबर.

पाण्यात एक म्हातारे गृहस्थ उभे असतात, ते नाव उच्चारतात. त्यांनी कार्ड बघितलं आणि मला जवळ बोलावलं. नाव चुकलेलं त्यांना चालत नाही. मला म्हणाले, आधी तू म्हणून दाखव.

मी म्हटलं, "वत्सला."

त्यांनी म्हटलं, "व्हॅट-साला." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांना जवळजवळ बरोबर जमलं, आणि ताई, मला एकदम वाटलं की या नावाने आईला कोणी हाक मारल्याला साठ वर्षं झाली असतील. बाबांनी कधी मारली नाही. आपण दोघींनी तर ते नाव फक्त तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर वाचलं.

आणि मग मला तिचा फोन आठवला. तोही तुझ्यापासून लपवलेला.

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू म्हणाली होतीस, आईला कळू द्यायचं नाही, तिचं हार्ट आधीच नाजूक आहे. मी हो म्हटलं. आणि आठ दिवसांत, तू कामावर असताना, तुझ्या घरच्या फोनवर आईला सगळं सांगून टाकलं. मला तिच्याशी खोटं बोलता येईना. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव बदलावं लागलं का?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "मग ठीक आहे. माझं बदललं होतं, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तांदळात नवं नाव लिहिलं आणि ताट माझ्यापुढे धरलं. वाचून कळलं मला, आजपासून मी कोण ते."

एवढंच. मग तिने विचारलं की त्या बायका तुला जेवायला बोलावतात का. मी म्हटलं, बोलावतात. फोन ठेवताना म्हणाली, शैलाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिला वाटू दे, ती मला जपतेय.

तेव्हा आईला माहीत होतं, ताई. दोन वर्षं माहीत होतं. ती तुझ्यासाठी गप्प राहिली. तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते हे.

तर मी तिथे हौदाच्या पायरीवर उभी होते, पाणी गुडघ्यापर्यंत. तिच्या पुढ्यात पुन्हा एक ताट धरलं जातंय आणि यावेळी ते धरणारी मी आहे, असं मला वाटलं. आई नाही म्हणू शकते, असं आमचा धर्म सांगतो. पण तिने आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. आणि तिला जिने शेवटी चार वर्षं आंघोळ घातली, तिला तर मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "माझ्या बहिणीला विचारायचं राहिलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मागे लोक थांबलेत, आता रागावतील. त्यांनी ओल्या हातांनी ते कार्ड मला परत दिलं. म्हणाले, "मग विचारून ये. तिकडच्या लोकांना घाई नसते."

मी कोरड्या केसांनी बाहेर आले.

केल्सी गाडीत रडली. मोठ्याने नाही, खिडकीकडे तोंड करून. म्हणाली, आपण तुझ्या आईसाठीच आलो होतो. मी सॉरी म्हटलं. दीड तास मेले ड्राइव्ह करत होती. बाहेर पानं लाल-पिवळी होती, म्हणजे रंग बघितले हे तेवढं खरं.

नंदू


रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

थोड्या वेळाने आम्ही इथल्याच गावातल्या चर्चला जाऊ आणि मग घरी. त्याआधी कालची संध्याकाळ लिहून ठेवते.

केबिनवर आल्यावर केल्सी तिच्या खोलीत गेली. मेले बाहेर लाकडं आणायला. मी आणि मार्जोरी बटाटे सोलत बसलो. मार्जोरी हळू सोलते, संधिवात आहे तिला. दोन-तीन बटाटे झाल्यावर म्हणाली, मी तुला माझ्या भावाबद्दल कधी सांगितलंय का.

मला वाटायचं ती जन्मापासून या चर्चची. तसं नाही. ओहायोतल्या कडक मेथडिस्ट घरातली. तिशीत ती या चर्चमध्ये आली, तेव्हा तिच्या आईने तिला चक्क वेडी म्हटलं. आई गेल्यावर वर्षाने मार्जोरीने टेम्पलमध्ये तिचं नाव दिलं. मार्जोरी स्वतः पाण्यात उतरली. बाहेर येऊन इतका आनंद झाला तिला, की त्याच दिवशी रे नावाच्या त्या धाकट्या भावाला फोन करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर अकरा वर्षं बोलला नाही. या एप्रिलमध्ये तो गेला. मार्जोरीला त्याच्या बायकोने तीन दिवसांनी ई-मेल केला.

एप्रिलमध्ये मी दर आठवड्याला तिच्या घरी जात होते, ताई. ती मला पुस्तकं देत होती, नैनाला मोजे विणून देत होती. तिने मला एका शब्दाने कळू दिलं नाही.

मी विचारलं, तुला पश्चात्ताप होतो का.

ती म्हणाली, "आईचं केलं त्याचा नाही होत. मी बरोबर केलं असंच मला अजून वाटतं. पण रेला मी आधी विचारलं नाही. आई त्याचीही होती. त्याने नाहीच म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. कारण ते एकच."

मग तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, तू आज पाण्याबाहेर आलीस तेव्हा मला तुझा हेवा वाटला.

माझ्या लक्षात आलं नव्हतं, केल्सी दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. ती आली, तिसरी सुरी घेतली आणि खाली मान घालून सोलायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली की तिला वाटलं ती मला भेट देतेय. लहानपणापासून तिने घरातल्या सगळ्यांची नावं दिलेली पाहिली, लग्नासारखा आनंद असायचा त्या दिवशी. कोणाला विचारायचं असतं हे तिला सुचलंच नाही, कारण तिच्या घरात विचारण्यासारखं वेगळं कोणी नव्हतंच. मी म्हटलं, भेटच होती ती. माझ्यासाठी इतकं कोणी केलेलं नाही. माझी बहीण सोडून.

केल्सीने विचारलं, "ती कशी आहे?"

मग मी तुझ्याबद्दल सांगत सुटले. पहिल्यांदाच, खरं खरं. तू नागपूरला माझ्या दहावीच्या वर्षी तुझं लग्न सहा महिने पुढे ढकललंस ते. बाबा गेल्यावर आईला इकडे आणायला तू वकिलाकडे किती खेपा घातल्यास ते. आईला चमच्याने पेज भरवताना तू स्वतः नकळत तोंड उघडायचीस ते. मेले तोवर आत येऊन बसली होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, अशा बाईला तू इतकी वर्षं पत्र का नाही लिहिलंस.

तू ब्लॉक केलंयस हे कारण मला फार सोयीचं होतं.

तर आता विचारते. सहा वर्षं उशिरा, पण विचारते. आईचं नाव मी टेम्पलमध्ये द्यावं का? तू नाही म्हणालीस तर देणार नाही. तुझ्या पाठीमागेही देणार नाही, तुझ्यानंतरही नाही. कार्ड माझ्या पर्समध्ये आहे, ते तुझ्याकडे पाठव म्हणालीस तर पाठवीन. माझा विश्वास तुझ्या उत्तराने बदलणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण आई आपल्या दोघींची होती.

उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. तेही उत्तरच समजेन आणि कार्ड तसंच ठेवीन.

केल्सी हॉर्न वाजवतेय. चर्चला पाच मिनिटं उशीर झाला तरी तिला चालत नाही.

तुझीच,
नंदू


गुरुवार, ३० ऑक्टोबर
स्टेट कॉलेज

ताई,

शनिवारी तू फोन केलास आणि मी मध्येच 'गॅसवर काहीतरी आहे' म्हणून ठेवला. गॅसवर काही नव्हतं. तुला ते कळलंच असेल. म्हणून हे पत्र. फोनवर मी नीट बोलू शकले नसते.

पहिली दहा मिनिटं तू मला रागावत होतीस, की पाकिटावर पिनकोडचा आकडा चुकवला, पत्र शेजाऱ्यांकडे गेलं, त्या गुजराती काकूंनी आणून दिलं, त्यांनी उघडून वाचलं असतं तर. मी पलंगावर बसून ऐकत होते आणि इतकं बरं वाटत होतं की परीक्षितला खूण करून सांगितलं, ताई आहे, रागावतेय.

मग तू विचारलंस, आई खरंच असं म्हणाली का, की तिला वाटू दे ती मला जपतेय. मी हो म्हटलं. मग तू ते सांगितलंस.

शेवटच्या आठवड्यात आई रोज विचारत होती, नंदू कधी येते. आणि तू तिला रोज सांगत होतीस, तिकीट काढलंय, येतेच आहे. मला मात्र तू फोन केला नव्हतास. तुला भीती होती की मी त्या बायकांना घेऊन येईन, आईच्या उशाशी आमच्या प्रार्थना म्हणेन, आणि आई जाताना तुझी राहणार नाही. तुला वाटलं अजून वेळ आहे. शुक्रवारी फोन करू म्हणालीस. गुरुवारी पहाटे ती गेली.

तू म्हणालीस, "दहाव्याला मी तुला तो प्रश्न विचारला तो त्यामुळे. तू काही विचारायच्या आत."

तेव्हा मी फोन ठेवला.

ताई, मला राग आला. लपवत नाही. तीन दिवस आला. नैनाला शाळेत सोडून येताना मी गाडी बाजूला घेऊन रडले. आई माझी वाट बघत होती आणि मी इथे दोन हजार किलोमीटरवर रविवारच्या वर्गासाठी कागदाची फुलं कापत होते, हे डोळ्यासमोरून हलेना. मार्जोरीला मी हे सांगितलं नाही. कुणालाच नाही, परीक्षितलाही काल रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, तिने सहा वर्षं हे एकटीने कसं वागवलं असेल.

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. मी माझ्या सहा वर्षांचाच विचार करत होते.

मग मला माझे ते तीन आठवडे आठवले, फ्लूचे. तू रोज फोन करायचीस, ताप उतरला का, काढा घेतलास का, आणि मी रिकाम्या पोटावर हात ठेवून सांगायचे, उतरतोय. तुझ्यावर राग होता म्हणून मी खोटं बोलले नाही. माझं दुःख मला कुणाला द्यायचं नव्हतं, तुलाही नाही. तुलाही आई द्यायची नव्हती. इतकंच झालं. आपण दोघी एकाच घरात वाढलो, आणखी काय.

तेव्हा मी तुला माफ केलं वगैरे लिहिणार नाही. ते फार मोठं वाटतं आणि तुला आवडणारही नाही. आई विचारत होती, हे तू मला सांगितलंस. तू नसतं सांगितलंस तर मला कधीच कळलं नसतं, आणि तिने माझी आठवण काढली याचा मला आता रागापेक्षा आनंद जास्त आहे. हे आज सकाळी उठले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता कार्डाचं. फोनवर सुरुवातीलाच, रागावता रागावता तू म्हणालीस, "मी नाही म्हणते. आज तरी नाही म्हणते." 'आज तरी' तू विचार करून म्हणालीस की सहज तोंडातून गेलं, ते मी विचारणार नाही. नाही म्हणजे नाही. कार्ड मी बायबलमध्ये ठेवलं नाही, कपाटात आईच्या पैठणीच्या घडीत ठेवलंय. केल्सीला सांगितलं. तिने थोडा वेळ तोंड पाडलं, मग म्हणाली, वत्सला हे नाव मी आता बरोबर म्हणू शकते, हे तुझ्या बहिणीला लिही. म्हणून लिहिलं.

मार्जोरी पुढच्या रविवारी रेच्या बायकोला भेटायला ओहायोला जातेय. मेले तिला ड्राइव्ह करून नेणार आहे. काय होईल माहीत नाही. तिने पाय ठेवू दिला तरी पुष्कळ, असं मार्जोरी म्हणते.

आणि आम्ही थँक्सगिव्हिंगला येतोय. तू बोलावलं नाहीस, मला कळतंय, पण तिकिटं काढली. बुधवारी २६ तारखेला दुपारी. परीक्षितला विनय भावोजींशी क्रिकेटवर बोलायचंय, चार दिवस त्या दोघांचा त्रास नाही. मी चहा पिणार नाही, पण करून देईन. तुझ्या देवांना मी नमस्कार करीन, लहानपणापासून करत आलेय तसा, त्यावर काही बोलू नकोस. रविवारी सकाळी दोन तास मी तिथल्या चर्चला जाऊन येईन, त्यावरही नको.

विमानतळावर तूच ये, भावोजींना पाठवू नकोस. मला कदाचित पहिल्यांदा काही बोलता येणार नाही. तू बोल, पिनकोडबद्दल बोललीस तरी चालेल.

नैनाला मी तुझे फोटो दाखवतेय. इंग्रजीतच उत्तरं देते, पण 'मावशी' शिकतेय. तिला ते म्हणता येत नाही, 'माशी' म्हणते. चार दिवस मी सुधारत होते. आता सोडून दिलंय. ते तू शिकव.

नंदू